श्रोता नको, साथ हवी

मैफल नाही, बिदागी नाही, टाळ्या नाहीत. मग हौशी गाणारा वर्षानुवर्षे गातो कशासाठी? कर्जत-खालापूरच्या भजनी मंडळांकडे पाहिले की मला उत्तर सापडते. इथे कोणी शेतकरी, कोणी खोपोलीच्या कारखान्यात कामाला. कर्जतहून मुंबईपर्यंतचे सुमारे शंभर किलोमीटर लोकलमध्ये भजन म्हणत जाणारेही आहेत. यांना वेगळा श्रोता लागतच नाही. बुवांनी चरण म्हटला की टाळकरी तो उचलतात; ऐकणाराच गाणारा होतो.

याची कसोटी कोरोनाकाळात लागली. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली. १ फेब्रुवारी २०२१ ला ती सर्वांना खुली झाली, पण ऐन गर्दीच्या, म्हणजे भजनाच्याच वेळा वगळून! २०२० आणि २०२१ मध्ये मानाच्या पालख्याही एसटीने पंढरपूरला गेल्या. मोबाइलवरून एकत्र गावे, तर आवाज क्षणभर उशिरा पोचतो आणि ताल मोडतो. घरी एकट्याने म्हणावे, तर चरण उचलायला कोणी नाही. बुवांना दम घ्यायलाही उसंत नाही.

माझ्या मते हौशी कलावंताचे व्यासपीठावाचून अडत नाही, सोबत्यांवाचून अडते. एखाद्या वारी आपण गेलो नाही तर ‘का हो, आला नाहीत?’ असे विचारणारे कोणी असावे लागते. आज पाळीच्या नोकऱ्यांमुळे तोच वार जुळणे कठीण झाले आहे. गावांनी बक्षिसांच्या स्पर्धा जरूर भरवाव्यात. पण त्याआधी देवळाच्या सभामंडपातली आठवड्याची एक संध्याकाळ राखावी आणि मुलांच्या हाती टाळ द्यावेत. अभंग वहीत उतरतो. चाल तोंडोतोंडीच पुढे जाते.