कूप तोडणाऱ्यांच्या डोक्यावर हेल्मेट कधी?

पावसाळा सरला की गोंदिया जिल्ह्यातल्या जंगलात कूपतोडीचे, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलपट्ट्यातली झाडं पाडण्याचे, दिवस येतात. कुठे वन विभागाचं कूप, कुठे वनविकास महामंडळाच्या सागाची विरळणी. तोडायचं झाड हॅमर मारून आधीच ठरलेलं असतं. ओंडक्यावर क्रमांक पडतो, त्याची लांबी-गोलाई नोंदवहीत उतरते, आगारात विक्रीची थप्पी (लाट) लागते आणि लिलाव होतो. ते झाड पाडणाऱ्याच्या पायात मात्र अनेकदा चप्पल असते आणि डोक्याला दुपट्टा.

झाड पाडण्याची रीत ठरलेली आहे. ज्या बाजूला पाडायचं, त्या बाजूने बुंध्याला खाच घ्यायची. मग मागून, खाचेच्या तळापेक्षा थोडा वर काप द्यायचा. दोन्हींच्या मध्ये बुंध्याच्या व्यासाच्या साधारण दहाव्या भागाइतकी पट्टी न कापता ठेवायची. हीच बिजागरी, झाड तिच्यावर वळत हव्या त्या दिशेला जातं. घाईत ती आरपार कापली गेली, तर झाड कुठेही पडू शकतं. मागे तिरपं निसटायला वाट आधीच साफ हवी आणि दुसरा तोडणारा निदान दोन झाडांच्या उंचीइतका लांब हवा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जंगलकामाच्या सुरक्षेची संहिता 1998 मध्येच काढली आहे.

इथल्या मिश्र जंगलात माहुलाचा धोका वेगळाच. ही वेल ऐन-धावड्याचे शेंडे एकमेकांना बांधून टाकते. एक झाड कोसळताना शेजारच्याची वाळकी फांदी खाली ओढतं, आणि ती येते थेट माणसाच्या डोक्यावर. वेली आधीच तोडायला हव्यात. पण मजुरी घनमीटरवर मिळत असेल, तर वेली तोडण्यात आणि वाट साफ करण्यात गेलेला अर्धा तास मजुराच्याच खिशातून जातो. अपघाताचं मूळ पुष्कळदा इथे असतं. दोष मात्र त्याच्या निष्काळजीपणाला दिला जातो.

चेन सॉ आल्यापासून कुऱ्हाडीचे आणि आऱ्याचे कष्ट कमी झाले, जखमा मात्र खोल झाल्या. पातीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की यंत्र क्षणात उसळून तोंडाकडे येतं. साखळी थांबवणारा ब्रेक त्यासाठीच असतो. आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो. साखळी मांडीला लागलीच, तर संरक्षक पँटमधले धागे तिच्यात गुंततात आणि यंत्र थांबतं. कूपात अशी पँट मजुराला द्यायची कुणी? ठेकेदार म्हणणार, निविदेत नाही. निविदेत का नाही, हा प्रश्न वन विभागाला आणि महामंडळाला विचारायला हवा.

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला, तर राज्य सरकार 25 लाख रुपये देतं. ते योग्यच आहे. झाडाखाली सापडलेल्याचा हक्कही जुना आहे: 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात झाडतोड करणारे स्पष्टपणे धरलेले होते. त्याच्या सूत्राने महिना 12 हजार कमावणाऱ्या चाळिशीच्या माणसाच्या मृत्यूची भरपाई सुमारे 11 लाख होते. काम ठेकेदाराकडून करून घेतलं, तरी कायदा मूळ मालकाला जबाबदार धरतो. पण मजुराचं नाव हजेरीपटावर नसेल, तर कुटुंबाने दाखवायचं काय?

मुंबई प्रांतात 1947 मध्ये खेर सरकारने जंगल कामगार सहकारी संस्थांना बळ दिलं, ते ठेकेदाराची पिळवणूक थांबावी म्हणून. आज मागणी त्याहून लहान आहे. येत्या हंगामाच्या कूपांच्या निविदा निघण्याआधी त्यात हेल्मेट, बूट, संरक्षक पँट आणि कानरक्षक यांचा खर्च वेगळा दाखवावा. दर कूपाला प्रशिक्षित टोळीप्रमुख, नावानिशी हजेरीपट आणि रक्त थांबवण्याचं साहित्य असावं. सालेकसा-दरेकसाच्या डोंगराळ भागातून गोंदियाचं शासकीय रुग्णालय गाठायला बराच वेळ लागतो. मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. तोड चालू असेपर्यंत एक गाडी कूपावरच उभी राहील, अशी अट करारात घालायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही.