तारण पाण्याचं

जग बुडाल्यावर माणसाला सगळ्यांत आधी काय लागेल? हा प्रश्न चारचौघांत टाकून पाहावा. तरुण मंडळी बंदूक म्हणतात, चाळिशीतली औषधं म्हणतात आणि कोपऱ्यात भाजी निवडत बसलेली एखादी आजी मान वर न करता म्हणते, "आधी पाणी बघा." 'फॉलआउट' नावाचा एक व्हिडिओ गेम पाव शतकाहून अधिक काळ हाच प्रश्न खेळणाऱ्यांना विचारतो आहे. गंमत म्हणजे त्याचं उत्तर आजीच्या उत्तराच्या जवळ जातं.

पहिला 'फॉलआउट' १९९७ साली अमेरिकेतल्या इंटरप्ले कंपनीने काढला. पुढे हक्क बेथेस्डा कंपनीकडे गेले. तिसरा भाग २००८ मध्ये आणि चौथा नोव्हेंबर २०१५ मध्ये आला. एप्रिल २०२४ मध्ये याच जगावर बेतलेली मालिका अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओवर आली आणि जुन्या खेळांकडे पुन्हा नव्या खेळाडूंची रीघ लागली. ज्या घरात कॉलेजात जाणारं किंवा नोकरीला लागलेलं पोर आहे, त्या घरात हे नाव आता अपरिचित नसावं. नव्याने खेळायला बसणाऱ्यांसाठी, आणि मागे उभं राहून "हे काय चाललंय?" असं विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठीही, चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी कथा. २३ ऑक्टोबर २०७७ रोजी अमेरिका आणि चीन यांच्यात अणुयुद्ध होतं. तेल आणि उरलीसुरली साधनसंपत्ती यांवरून वर्षानुवर्षं चाललेलं भांडण अवघ्या दोन तासांत जग भाजून संपतं. चौथ्या भागाचा नायक, किंवा तुमच्या निवडीप्रमाणे नायिका, बॉस्टन शहराजवळच्या एका भूमिगत निवाऱ्यात गोठवलेल्या अवस्थेत २१० वर्षं पडून राहतो. जाग येते तेव्हा सन २२८७ उजाडलेलं असतं. जोडीदाराचा खून झालेला, तान्हं मूल पळवलेलं. निवाऱ्याचं दार उघडतं आणि समोर उजाड, मोकळा मुलूख पसरलेला दिसतो. कुठेही जा, कुणाशीही बोला, कुणाचंही काम घ्या किंवा नाकारा. अशा मोकळ्या जगाच्या खेळात नवखा माणूस भांबावतो तो नेमका या मोकळेपणानेच.

पहिला प्रसंग अंदाजपत्रकाचा. सुरुवातीला सात गुणांचा तक्ता समोर येतो: ताकद, नजर, काटकपणा, माणसं जोडण्याची हातोटी, बुद्धी, चपळाई आणि नशीब. एकूण गुण २८. प्रत्येक रकान्यात एक आधीच भरलेला असतो. उरलेले २१ तुम्ही वाटायचे. नवशिक्याचा हात साहजिकच ताकदीकडे जातो. माझा सल्ला वेगळा आहे. ताकद ३, नजर ४, काटकपणा २, हातोटी ६, बुद्धी ६, चपळाई ४, नशीब ३. बेरीज बरोबर २८. नजर ४ असली की कुलपं उघडण्याचं कसब शिकता येतं, हातोटी ६ असली की पुढे आपल्या वस्त्या एकमेकींना जोडता येतात, आणि बुद्धी जितकी अधिक तितका प्रत्येक कामातून मिळणारा अनुभव अधिक. बुद्धीवर घातलेली रक्कम व्याज देते, असं आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत म्हणता येईल. वाटप मनासारखं झालं नाही तरी घाबरू नये. या खेळात पातळीला कमाल मर्यादा नाही. प्रत्येक पातळीला एक गुण हाती येतो आणि तो याच तक्त्यात भर घालायलाही वापरता येतो. शिवाय युद्धापूर्वीच्या आपल्या घरात, बाळाच्या खोलीत, एक पुस्तक पडलेलं असतं. ते उचललं की कुठल्याही एका रकान्यात एक गुण फुकट वाढतो. घाईघाईने गाव सोडणारे ते तिथेच टाकून जातात.

दुसरी गोष्ट दिशेची. खेळ नकाशाच्या वायव्य कोपऱ्यात सुरू होतो. तिथून जसजसं दक्षिणेकडे सरकावं तसतसे शत्रू भारी होत जातात. नैर्ऋत्येचा 'ग्लोइंग सी' हा भाग तर किरणोत्सर्गाने नुसता धुमसत असतो. पहिल्या काही दिवसांत उत्तरेतच राहावं. घराजवळच्या पेट्रोल पंपावर एक कुत्रा भेटतो, त्याला सोबत घ्यावं. तो ओझंही वाहतो आणि वास काढून वस्तूही दाखवतो. पुढे कॉन्कर्ड गावात अडकलेल्या लोकांना सोडवताना एक यांत्रिक चिलखत मिळतं. ते ज्या ऊर्जानळीवर चालतं ती वापराने संपते. म्हणून काम झालं की चिलखत घरी उभं करून नळी काढून खिशात ठेवावी. गाडीची किल्ली गाडीला लावून कोणी बाजारात जात नाही.

लढताना एक कळ दाबली की काळ मंदावतो आणि शत्रूच्या कोणत्या अवयवावर नेम लागण्याची शक्यता किती टक्के, हे पडद्यावर दिसतं. नवख्याने ही सोय संकोच न करता वापरावी. टक्के कमी असतील तर गोळी वाया घालवण्यापेक्षा चार पावलं पुढे जावं किंवा सरळ पळ काढावा. पळण्याची शरम इथे कुणी बाळगत नाही. खेळाची नोंद वेगवेगळ्या नावांनी वरचेवर जतन करत राहावं. 'सर्व्हायव्हल' नावाची जी सर्वांत कठीण पातळी आहे, तिच्यात अंथरुणावर झोपल्याशिवाय नोंद होत नाही. तिच्या वाटेला पहिल्या खेपेस जाऊ नये.

आता ओझ्याविषयी. माणूस किती वजन उचलू शकतो याला मर्यादा आहे. ती ओलांडली की धावता येत नाही आणि नकाशावर बोट ठेवून एका जागेहून दुसरीकडे झटकन पोचण्याची सोयही बंद होते. त्यामुळे दिसेल ती बंदूक उचलणारा गडी तासाभरात गाढवासारखा वाकतो. खरी किंमत असते ती भंगाराला. टेबलपंखा मोडला की स्क्रू मिळतात, चिकटपट्टीतून गोंद मिळतो, आणि हत्यार सुधारायला नेमके स्क्रू आणि गोंदच कमी पडतात. कामाच्या टेबलावर हव्या त्या घटकाला खूण करून ठेवली की तो ज्यात आहे अशा वस्तूच्या नावापुढे भिंगाचं चित्र उमटतं. गोंद घरीही करता येतो. मक्याची तीन कणसं, तीन म्यूटफ्रूट, टोमॅटो-बटाट्याच्या संकरातून आलेली तीन टॅटो आणि एक शुद्ध पाणी चुलीवर चढवलं की झाली खळ तयार. लहानपणी मैद्याची खळ करून पतंग चिकटवलेल्यांना हे सांगायला नको. जुने डबे, दोऱ्याची रिळं आणि वापरलेले खिळे जपणाऱ्या आपल्या आजीला या जगात मानाचं पान मिळालं असतं.

प्रकृतीचं सांगायचं तर साचलेलं पाणी आणि कच्चं मांस यांतून किरणोत्सर्ग अंगात शिरतो. प्रकृतीची जी पट्टी पडद्यावर दिसते तिचा तेवढा भाग लाल होऊन बाद होतो. मांस शिजवून खावं, आपल्या वस्तीतल्या हातपंपाचं पाणी प्यावं, रात्री झोपावं. झोपेने जखमा भरतात आणि पुढच्या काही वेळात अनुभवही थोडा जास्त मिळतो. शरीरातला किरणोत्सर्ग काढायला 'रॅडअवे' नावाची औषधाची पिशवी असते. ती लावली की क्षणात सगळं साफ.

इथे क्षणभर खेळ थांबवून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अशी पिशवी जगातल्या कोणत्याही रुग्णालयात नाही. १९४५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकीत जे वाचले, त्यांच्यातल्या अनेकांना रक्ताचा कर्करोग आणि इतर व्याधी पुढे कित्येक वर्षांनी गाठत राहिल्या. खेळाने अणुयुद्धानंतरच्या जगाचं फिरायला जाण्याजोगं मैदान केलं आहे. ती त्याची सवलत आहे, वस्तुस्थिती नव्हे. खेळणाऱ्या मुलाला हा फरक माहीत असला पाहिजे, आणि तो सांगण्याचं काम खेळ विकणारी कंपनी करणार नाही. ते घरातच व्हायला हवं.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, पैसा. या जगात चलन आहे ते शीतपेयाच्या बाटलीच्या पत्र्याच्या झाकणांचं. ऐकून हसू येतं. पण आपल्या खिशातली नोट तरी काय असते? कागद, आणि त्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी दिलेलं वचन. झाकणामागेही वचन होतं. पहिल्या खेळाच्या कथेत कॅलिफोर्नियातल्या 'हब' या व्यापारी गावाच्या सावकारांनी ही झाकणं चालवली आणि त्यांच्यामागे तारण ठेवलं ते पाण्याचं. पुढे तिथे प्रजासत्ताक उभं राहिलं, त्याने सोन्याच्या आधारावर स्वतःचं चलन काढलं. २०१० सालच्या 'न्यू व्हेगस' या खेळात दिसतं ते त्याच्या पुढचं. शत्रूने सोन्याचे साठे उद्ध्वस्त केले, नोटांवरचा विश्वास उडाला, आणि १०० डॉलरची नोट ४० झाकणांवर आली. व्यापारी पुन्हा पाण्याच्या तारणाकडे वळले. जन्मभर कर्जाच्या अर्जांवर तारणाचा रकाना तपासलेल्या माणसाला याहून चांगला अर्थशास्त्राचा धडा क्वचितच सापडेल. चौथ्या भागात तर युद्धापूर्वीच्या नोटांची बंडलं ठिकठिकाणी पडलेली सापडतात. मोडून काढली तर त्यांतून निघतं ते कापड! ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री कपाटातल्या नोटांकडे पाहत बसलेल्यांना यातली मेख समजेल.

या सगळ्यातून नवशिक्याने घ्यायची युक्ती सोपी आहे. सुरुवातीची वस्ती नदीकाठी आहे. तिथे जनित्र आणि पाणी शुद्ध करणारं यंत्र उभारावं. वस्तीला पुरून उरलेलं शुद्ध पाणी गोदामात आपोआप जमा होतं, ते विकावं. दुकानदाराकडची झाकणं संपली तर मोबदल्यात काडतुसं घ्यावीत. साध्या पातळीवर त्यांना वजन नसतं आणि ती सगळीकडे खपतात. लुटालूट करत हिंडणाऱ्यापेक्षा पाणी विकणारा लवकर सुस्थितीत येतो, हे मला या खेळातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

वस्ती म्हटली की माणसं आली. त्यांना अन्न, पाणी, खाट लागते. अन्न आणि पाणी यांच्या आकड्यांची बेरीज जितकी, निदान तितका तरी संरक्षणाचा आकडा ठेवावा; नाहीतर भरलेल्या कोठारावर धाड ठरलेली. दोन वस्त्यांमध्ये मालाची ने-आण सुरू केली की एक माणूस दोन तोंडांच्या गाईवर ओझं लादून फेऱ्या घालू लागतो. या जनावराला खेळात 'ब्राह्मिन' म्हणतात. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सवरचा तिसरा भाग भारतात न आणण्याचं ठरवलं, तेव्हा सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण दिलं होतं. नेमकं काय खटकेल ते कंपनीने सांगितलं नाही. लोकांनी मात्र बोट या गाईकडेच दाखवलं.

शेवटी कथेबद्दल, कादंबरीकार म्हणून. पोटचं मूल पळवलं गेलेलं असताना नायक गोंद शिजवत आणि पाणी विकत बसला, तर कादंबरीचा वाचक पुस्तक मिटून टाकील. इथे मुलाच्या शोधाला मुदत नाही. १९९७ च्या खेळात ती होती: निवाऱ्याच्या जलशुद्धी यंत्रणेचा बिघडलेला सुटा भाग १५० दिवसांत आणला नाही तर सगळे तहानेने मरणार. म्हणून चौथ्या भागात नवख्याने निर्धास्तपणे आडवाटा धराव्यात. मात्र पुढे चार गट आपापली बाजू मांडतात आणि एका टप्प्यावर एकाला हो म्हणणं म्हणजे दुसऱ्याशी वैर पत्करणं ठरतं. त्या टप्प्याआधी एक नोंद वेगळी जपून ठेवावी, आणि प्रत्येक गटाचं म्हणणं पुरतं ऐकल्याशिवाय कुणाच्याही पंगतीला बसू नये. माणसं मारण्यावाचून सुटणारे तंटेही या खेळात आहेत. ते शोधण्यात खरी मजा आहे.

हा खेळ लहान मुलांचा नाही. अमेरिकेत तो १७ वर्षांवरच्यांसाठी आणि युरोपात १८ वर्षांवरच्यांसाठी ठरवला गेला आहे. त्यातला रक्तपात पाहता ते योग्यच आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती तो देणाऱ्या आईबापांची बाजू मी घेणार नाही. पण वयाने जाणती झालेली मुलं तो खेळत असतील, तर दारातून ओरडण्यापेक्षा शेजारी खुर्ची ओढून बसावं. "किती जणांना मारलंस?" असं विचारू नये. "तुझ्या वस्तीत पाणी किती आहे? कितीजण राहतात? त्यांना पुरतं का?" असं विचारावं. उत्तर तयार असेल, तर पोरगं बरं खेळतं आहे असं समजावं.