पोटाचे टाके आणि आपला शहाणपणा

मंडळी, गेल्या वर्षी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि आठवड्याभरात मला दोन प्रकारचे 'डॉक्टर' भेटले. पहिले फोनवरचे. नाशिकहून आई म्हणाली, "सव्वा महिना पलंगावरून उठू नकोस." दुसरे आपल्या मंडळातले: "दुर्बिणीतूनच केलंय ना? मग रविवारी बॅडमिंटनला ये!" दोघांचंही प्रेम खरं, आणि दोघांचाही सल्ला चुकीचा.

पडून राहणं म्हणजेच विश्रांती, हा समज एकेकाळी इथेही होता. लंडनच्या डॉ. रिचर्ड अ‍ॅशर यांनी १९४७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंथरुणाला खिळण्याचे धोके मांडले: पायांत रक्ताच्या गुठळ्या, छातीत कफ, बद्धकोष्ठ. आज नर्स लवकरात लवकर उठवून चालायला लावते, तो निर्दयपणा नव्हे, उपचारच आहे.

पण चालणं वेगळं आणि वजन उचलणं वेगळं. वरची जखम लवकर भरते. आतली पोटाची भिंत सांधायला कित्येक आठवडे लागतात. साध्या हर्नियानंतर हलकी कामं एक-दोन आठवड्यांत, जड वजन आणि जोराचा व्यायाम मात्र चार ते सहा आठवडे बंद. पोट उघडून मोठं ऑपरेशन झालं असेल, तर मुदत सर्जनलाच विचारावी. मी शहाणा! तिसऱ्याच आठवड्यात गणपतीच्या हॉलमध्ये खुर्च्यांची चळत उचलली. कळ आली ती आठवडाभर राहिली. मदतीला दहा जण होते, पण "मला जमणार नाही" म्हणायची लाज वाटली.

आणि माझा खरा राग पुढेच आहे. सिझेरियन हीसुद्धा पोटाचीच शस्त्रक्रिया. बाळापेक्षा जड काही उचलू नका, असं त्या बाईला बजावलेलं असतं. हर्नियावाल्या नवऱ्याच्या हातून टेस्कोची पिशवी काढून घेणारे आपण, बारशाला मात्र तिलाच कुकर उचलायला लावतो!

गुदाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेची नवी पद्धत सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ साली आपल्या याच बेसिंगस्टोकमधून जगापुढे मांडली. त्या गावात राहून पोटाबाबत एवढं अडाणीपण शोभत नाही.

तेव्हा रोज चाला. ईस्ट्रॉप पार्कला आज एक फेरी, पुढच्या आठवड्यात दोन. दुखलं की थांबा. ताप, वाढती सूज किंवा पू दिसला, तर लगेच डॉक्टर गाठा. आणि यंदाच्या गणपतीत ज्यांच्या पोटाला टाके आहेत, त्यांच्या हाती आरतीचं तबक द्या. खुर्च्या बाकीचे उचलतील!