निकाल लटकलाय? आधी दिवस मोजा

करंजाडेहून कलिना म्हणजे पनवेल स्टेशन, हार्बरने कुर्ला, पुढे रिक्षा. लेक्चर्स बुडतात ती वेगळीच. तेव्हा निकालाची चौकशी करायला निघण्याआधी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मधलं कलम 89 वाचा. परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत निकाल, फार तर 45. त्याहून उशीर झाला, तर विद्यापीठाने कारणांसह अहवाल कुलपतींना आणि राज्य सरकारला द्यायचा.

2017मध्ये ऑनस्क्रीन तपासणीच्या गोंधळात मुंबई विद्यापीठाचे निकाल रखडले, कुलगुरूंना पद गमवावं लागलं. पण ज्यांचे पुढचे प्रवेश हुकले, ते हुकलेच. मेख इथेच आहे: अहवाल वर जातो, विद्यार्थ्याच्या हाती काहीच पडत नाही. मात्र माहिती अधिकारात तो मागता येतो. अर्जाचे 10 रुपये, म्हणजे कुर्ल्याच्या रिक्षापेक्षा स्वस्तच.