डी आणि ई

नागपूरहून लेकरंबाळं घेऊन जपानला निघालेल्यांना माझा एकच सल्ला : टोकियो ते क्योतो शिंकानसेनमध्ये डी आणि ई या जागा धरा. साध्या डब्यात एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन अशी आसनं. फुजी दिसतो तो दोनांच्या बाजूला, टोकियो सोडल्यावर साधारण पाऊण तासानं, तोही ढगांची मर्जी असेल तर. ई खिडकीची, म्हणून आमच्या नातवंडांची तिथंच जुंपली. आसनाखालचं पेडल दाबलं की अख्खी रांग गरकन फिरते आणि घरचे समोरासमोर येतात. मग काय, तिखटमिठाच्या पुऱ्या निघाल्याच! खायला कुणाची ना नाही; स्टेशनावर ‘एकिबेन’ नावाचे प्रवासाचे डबेच विकायला असतात. फोनवर बोलायला मात्र उठून दाराजवळ जायचं. खरी कसोटी बॅगांची. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली, तर तिच्यासाठी आधीच जागा राखावी लागते. आणि क्योतोला गाडी थांबते जेमतेम एक-दोन मिनिटं. आपल्यासारखं ‘अरे, आजीला उतरू द्या बाप्पा’ म्हणेपर्यंत दार बंद. १९६४ साली सुरू झालेला हा मार्ग. क्योतोपर्यंत सव्वादोन तास. वेग कौतुकाचाच, पण सौ.ची तक्रार अशी की एवढ्यात पलीकडच्या बाईंना किती मुलं, हेसुद्धा विचारून होत नाही.