लपण पाण्याकाठी मांडा, घरट्यापाशी नको

पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याची हौस हल्ली शाळाशाळांतून वाढली आहे, आणि ही गोष्ट आनंदाचीच आहे. पूर्वी सबंध वर्गात एखाद्याच्याच घरी कॅमेरा असे. आज तो बहुतेकांच्या घरात, मोबाइलमध्ये का होईना, आहे. पण कॅमेरा हाती आला म्हणून पक्षी जवळ येत नाही. तो भुर्रकन उडून जातो आणि चित्रात उरते रिकामी फांदी. मग कोणीतरी सांगते, "लपण करा." सल्ला बरोबर आहे. परंतु ते लपण कुठे मांडायचे, हे सांगणारे फार थोडे. माझे म्हणणे आहे ते नेमके याविषयी.

लपण म्हणजे आत माणूस बसेल एवढा, उचलून नेता येणारा आडोसा. तो पक्ष्याला 'दिसत नाही' असे मुळीच नाही. कालपर्यंत जिथे मोकळी जागा होती तिथे आज एक चौकोनी डबा उभा आहे, हे पक्ष्याला चांगले दिसते. पण हा डबा हलत नाही, अंगावर येत नाही, टक लावून पाहत नाही. दोन-चार दिवस काही वाईट घडले नाही की पक्षी त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागतो. धोक्याची नसलेली गोष्ट पुन्हापुन्हा समोर आली की तिच्याविषयीची प्रतिक्रिया मंदावते. हा प्राण्यांच्या शिकण्याचा सर्वांत साधा प्रकार होय. म्हणून लपण मांडल्यामांडल्या आत शिरून बसणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

ही युक्ती काही साहेबाकडून आलेली नाही. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवर लिहिलेला ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यात पारधी समाजाच्या एका शाखेचे नाव 'गायके' असे दिले आहे. बैलाच्या आडोशाने सावजापर्यंत पोचणारे ते गायके. रानातल्या हरणाला गुरांचे भय वाटत नाही, हे त्यांनी पक्के हेरले होते. आणि गंमत पाहा, विसाव्या शतकाच्या तोंडाशी इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी कीर्टन या दोघा भावांनी पक्ष्यांची छायाचित्रे काढण्यासाठी बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून पोकळ बैल तयार केला. आत माणूस आणि कॅमेरा! एकाचा हेतू पोट भरण्याचा, दुसऱ्याचा चित्र काढण्याचा; पण जनावराच्या मनाचा अंदाज दोघांनी सारखाच बांधला होता. शिकारीला आता कायद्याने बंदी आहे. बैल गेला आणि कापडाचा तंबू आला, इतकेच.

"मोठे भिंग घेतले की झाले, ही कटकट कशाला?" असे कोणी विचारील. थोडा हिशेब करू. पांढऱ्या छातीचा खंड्या सुमारे २८ सेंटिमीटर लांब असतो. ६०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने १५ मीटरवरून त्याचे चित्र घेतले, तर कॅमेऱ्यातील पडद्यावर त्याची प्रतिमा साधारण ११ मिलिमीटरची पडते. २०० मिलिमीटरच्या भिंगाने तेवढीच प्रतिमा हवी असेल तर ५ मीटरवर जावे लागते. (नाभीय अंतर गुणिले पक्ष्याची लांबी भागिले अंतर, गुणाकार स्वतः करून पाहा.) पहिल्या प्रकारचे उत्तम भिंग लाखांच्या घरात जाते. दुसरा मार्ग चार बांबू आणि काही रिकाम्या पोत्यांचा आहे, आणि वर बसायला शिकवतो ते वेगळेच.

आता नागपूरच्या मुलांनी हे कुठे करावे? मी म्हणेन, सक्करदऱ्याला. गोरेवाडा, अंबाझरी यांची नावे सर्वांच्या तोंडी असतात. सक्करदऱ्याचा भोसलेकालीन तलाव मात्र दाट वस्तीच्या आणि रहदारीच्या मधोमध असल्यामुळे पक्षिनिरीक्षणाची जागा म्हणून कोणी त्याचे नाव घेत नाही. पण शिकाऊ माणसाला दुर्मिळ पक्षी लागत नाहीत. रोज हमखास दिसणारे पक्षी लागतात. पाण्याकाठी मान आखडून बसलेला वंचक, तारेवरचा खंड्या, पंख पसरून वाळवणारा पाणकावळा, शेपटी वरखाली करणारा धोबी, बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली. शहरातल्या तलावांवरची ही नेहमीची मंडळी आहेत. शिवाय शाळा सुटल्यावर सायकलने जाता येते. रोज जाता येणे ही लपणाची पहिली अट आहे.

"तिथले पक्षी तर माणसांना सरावलेले, त्यांच्यापुढे लपायचे कशाला?" शंका रास्त आहे. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला शहरी पक्षी रानातल्यापेक्षा बरेच जवळ येऊ देतात, हे खरे. पण तोच माणूस थांबला आणि रोखून पाहू लागला, की वंचक लगेच मान लांब करतो. डोळ्यांची दिशा पक्ष्यांना कळते. युरोपातील मैनांवरच्या प्रयोगांत, माणूस अन्नाकडे पाहत असेल तर त्या खायला यायला बिचकतात आणि नजर दुसरीकडे वळवली की लवकर येतात, असे आढळले. कॅमेरा म्हणजे तर एक भला मोठा वटारलेला डोळाच! लपण झाकते ते मुख्यतः हे रोखून पाहणे.

लपण करण्याची रीत सोपी आहे. दीड मीटर उंचीचे चार बांबू, वरून चार आडव्या काठ्या, सुतळीच्या घट्ट गाठी. पायाखालची जागा साधारण एक मीटर चौरस. भोवती बारदाना म्हणजे पोत्यांचे गोणपाट, किंवा जुने खाकी कापड. ते खुंट्यांनी ताणून बांधावे, कारण वाऱ्यावर फडफडणारे कापड पक्ष्याला माणसापेक्षा जास्त घाबरवते. भिंगासाठी एक भोक, डोळ्यांसाठी दुसरे, आणि त्यावर आतून मच्छरदाणीचा तुकडा. पांढरे कापड नको. विशेषतः एके काळी घरोघरी वापरले जाणारे टिनोपाल किंवा तसली चमक देणारी पावडर घालून धुतलेले तर नकोच. अशा पावडरी उन्हातील अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात आणि कापड भडक दिसते. बहुतेक पक्ष्यांना तर आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही काही प्रमाणात दिसतात, तेव्हा कापडाचा रंग आपल्या डोळ्यांनी पारखून पुरत नाही.

सूर्य आपल्या पाठीशी हवा. म्हणून सकाळी लपण तलावाच्या पूर्व काठावर आणि संध्याकाळी पश्चिम काठावर. समोर पाच मीटरवर, काठालगतच्या उथळ पाण्यात, एक वाळकी फांदी रोवून ठेवावी. मासे टिपण्यासाठी खंड्याला बैठक लागते, आणि ती तुम्ही सोयीच्या जागी दिलीत तर तो बहुधा स्वीकारतो.

लपणात जाताना दोघांनी जावे आणि एकाने बाहेर पडून सर्वांदेखत निघून जावे, अशी जुनी युक्ती आहे. पक्ष्यांना मोजता येत नाही म्हणून ती चालते, असे सांगतात. हे स्पष्टीकरण मला पटत नाही. ओटो कोलर या जर्मन शास्त्रज्ञाने कावळ्यांच्या जातीतले पक्षी, पोपट इत्यादींवर अनेक वर्षे प्रयोग केले. त्यांपैकी काहींना सहा-सातपर्यंतच्या संख्यांमधला फरक ओळखता येत होता. अमेरिकेत सिॲटल येथे २००६ साली सुरू झालेल्या प्रयोगात, मुखवटा घालून कावळे पकडणाऱ्यांचा 'चेहरा' तिथल्या कावळ्यांनी पुढे वर्षानुवर्षे लक्षात ठेवला. असे पक्षी एक आणि दोन यांत गफलत करतील हे कठीण वाटते. जाणारा माणूस दिसला की धोका टळल्याची भावना होत असावी, एवढेच. काही असो, युक्ती बऱ्याचदा लागू पडते. कावळ्यांवर ती किती चालते हे तुम्हीच पाहा.

आता मुख्य मुद्दा. लपण मांडण्याची सर्वांत 'सोपी' जागा म्हणजे घरटे, कारण पक्षी तिथे परत येतोच येतो. कॅमेरे अवजड आणि फिल्म मंद होती तेव्हा पक्षि-छायाचित्रण म्हणजे बहुतांशी घरट्यांचेच छायाचित्रण असे. आजही हौशी लोक तेच करतात, आणि शाळेच्या प्रदर्शनात पिलांना भरवणाऱ्या मादीच्या चित्राला पहिला क्रमांक मिळतो. शिक्षकांना माझी विनंती आहे, तो देऊ नका.

कारण नागपूरच्या हवेत आहे. टिटवी उघड्या खडीवर, कधी घराच्या गच्चीवरही, चैत्र-वैशाखात अंडी घालते, बहुधा चार. ती उबवायला चार आठवडे लागतात. पण त्या दिवसांत उबेपेक्षा सावलीचीच गरज मोठी असते. कोंबडीची अंडी उबवणाऱ्या यंत्रात तापमान साडेसदतीस अंशांच्या आसपास ठेवतात. त्यापेक्षा तीन-चार अंशांनी ते चढून तसेच राहिले तर आतला जीव धोक्यात येतो. नागपुरात मे महिन्यात हवाच ४५ अंशांना टेकते आणि उन्हातली उघडी जमीन ५० च्याही वर जाते. म्हणून टिटवी अंड्यांवर उभी राहून त्यांना सावली देते. पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि ओल्या पोटाने त्यांना थंड करते. आता तुम्ही वीस पावलांवर तंबू ठोकलात आणि ती तास दीड तास दुरून 'टिटिव टिटिव' ओरडत घिरट्या घालीत राहिली, तर अंड्यांचे काय होते? तुमच्या चित्रात ते दिसणार नाही. झुडपातल्या घरट्याची गोष्ट आणखी वाईट, कारण चित्र स्वच्छ यावे म्हणून आड येणाऱ्या फांद्या बाजूला बांधल्या जातात आणि कावळ्याला वाट मोकळी होते.

कायदाही इथे स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे समाविष्ट आहे. त्यासाठी बंदूक हाती असावी लागत नाही. आणि पक्षी तरी मुकाट सोसतो असे नाही. एरिक हॉस्किंग हा ब्रिटनचा नामवंत पक्षि-छायाचित्रकार १९३७ साली रात्री घुबडाच्या घरट्याजवळच्या आपल्या लपणाकडे जात असता घुबडाने त्याच्या तोंडावर झडप घातली, आणि त्याचा एक डोळा कायमचा गेला.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. सालिम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला तो घरट्यांच्या वसाहतीपाशीच. उंच शिडीला कापड गुंडाळून केलेल्या आडोशात ते तासन्तास बसत. सुगरणीचा नर घरटे अर्धे बांधतो, मादी ते पाहून पसंत करते, मग तो ते पुरे करतो आणि लगेच दुसरे बांधायला घेऊन दुसऱ्या मादीला बोलावतो, हे या बैठकींतून उलगडले. लपण घरट्यापासून दूरच ठेवायचे असते, तर हे कळले असते का? नसते, हे मान्य केले पाहिजे. पण सालिम अली सबंध हंगामभर एका प्रश्नाचे उत्तर शोधीत होते. अशा कामात पक्ष्याचे वागणे बिघडले तर उत्तरच चुकते, म्हणून निरीक्षक स्वतःच्या गरजेपोटीच सावध असतो. एका रविवारी येऊन चित्र घेऊन जाणाऱ्याला ही गरज नसते. ज्याच्यापाशी असा प्रश्न, सवड आणि जाणत्याचे मार्गदर्शन आहे, त्याने जरूर विचार करावा; चित्रासाठी नको. सुगरणीची लोंबती घरटी तर दुरून साध्या दुर्बिणीनेही छान पाहता येतात.

तेव्हा सक्करदऱ्याला लपण मांडायचे ते दिवाळीनंतर आणि होळीपर्यंत. या काळात धोबी, तुतवार यांसारखे पाहुणे आलेले असतात आणि गोणपाटाच्या डब्यात बसणे सुसह्य असते. उन्हाळ्यात त्यात बसणाऱ्या मुलाचीच टिटवीच्या अंड्यासारखी गत व्हायची. पावसाळ्यात टिबुकली आणि पाणकोंबडी काठच्या वनस्पतींत घरटी करतात, तेव्हा ते घरी ठेवावे. तलाव ज्या कार्यालयाच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी शाळेमार्फत घ्यावी. बाहेर मोठ्या अक्षरांत शाळेचे नाव आणि 'पक्षिनिरीक्षण चालू आहे' अशी पाटी लावावी. वस्तीतल्या तलावावर माणसे फिरायला, बसायला येतात. पडद्याआडून भिंग रोखून कोण बसले आहे, हे कळण्याचा त्यांना हक्क आहे. पाटीमुळे बघ्यांची गर्दीही थोडी कमी होते. थोडीच.

आत बसणाऱ्याने वही ठेवावी. आत शिरल्याची वेळ, पहिला पक्षी फांदीवर आल्याची वेळ, आणि लपण मांडून किती दिवस झाले ते. पंधरा दिवसांचे आकडे आलेखावर मांडले, तर पक्ष्यांची सवय वाढत जाते की नाही आणि जाते तर कोणत्या जातीची लवकर, हे दिसू लागेल. वंचक आणि खंड्या यांचे आलेख वेगळे येतील असा माझा अंदाज आहे. चित्र एकही चांगले आले नाही तरी या आलेखाचा प्रदर्शनात एक तक्ता होतो.

एका वेळी एकाच मुलाने बसावे, फार तर दोन तास, पाण्याची बाटली घेऊन; आणि मोबाइलचा आवाज बंद ठेवून. काम संपले की बारदान्याची घडी सायकलच्या कॅरियरवर मावते. बांबू मात्र दोघांनी धरून न्यावे लागतात.