पहिली बाईक घेताय? आधी विचारा, पडलो तर किती खर्च?



पाडवा किंवा दसरा जवळ आला की माझ्या दुकानात पाऊच आणि बॉक्स घ्यायला येणारी नवीन मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, धंद्यासाठी बाईक घ्यायचीय. पहिलीच आहे. कुठली घेऊ?" खरं तर विचारणाऱ्याच्या मनात गाडी आधीच ठरलेली असते, आणि बऱ्याचदा ती साडेतीनशे सीसीची असते. त्याला माझ्याकडून फक्त "घे की!" एवढंच ऐकायचं असतं.

व्हिडिओत मी याचं उत्तर दोन मिनिटांत दिलं होतं. इथे हिशोबासकट देतो.

माझं मत असं आहे. तुम्ही गाडी चालवायला नुकतेच शिकत असाल आणि धंदाही नुकताच सुरू करत असाल, तर 100 ते 125 सीसीची हलकी, गल्लीतल्या मेकॅनिकला पाठ असलेली गाडी घ्या. जमलं तर रोखीने घ्या, जुनी चालेल. उरलेला पैसा मालात घाला. मोठी गाडी धंद्याच्या नफ्यातून घ्यायची, भांडवलातून नाही.

एकाच सीटवर दोन शिकाऊ

पहिल्या वर्षी तुमच्या गाडीवर दोन शिकाऊ बसलेले असतात. एक क्लच सोडायला शिकत असतो, दुसरा उधारी वसूल करायला शिकत असतो. दोघेही पडणार. कोण किती वेळा पडेल ते सांगता येत नाही, पण पडणार हे धरूनच चालायचं. म्हणून गाडी निवडताना मायलेज किती, पिकअप किती, या प्रश्नांच्या आधी एक प्रश्न विचारा: पडलो तर किती खर्च येईल?

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. एकट्याच्या धंद्यात मालकाचा हात मोडला की शटर खाली. नोकरीवाल्याला रजा मिळते, पगार येतो. तुमची ऑर्डर मात्र दुसरीकडे जाते आणि गेलेलं गिऱ्हाईक परत येईलच असं नाही. गाडीच्या विम्यात मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो जरूर घ्या. पण तो मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहे. मनगट फ्रॅक्चर होऊन सहा आठवडे घरी बसलात, तर त्यातून एक रुपया येत नाही. ते सहा आठवडे तुमच्याच खिशातून जातात. आणि चालकाकडे लायसन्सच नसेल तर क्लेमच्या वेळी मोठी अडचण होते.

म्हणून गाडीच्या आधी लायसन्स. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, आणि 30 दिवसांनी पक्क्या लायसन्ससाठी टेस्ट देता येते. हा महिना फुकट घालवू नका. घरातल्या किंवा मित्राच्या जुन्या गाडीवर, शिकवणारा माणूस सोबत घेऊन, मोकळ्या मैदानात शिका. महिनाभर चालवल्यावर तुम्हाला कुठली गाडी झेपते हे तुमचं तुम्हालाच कळतं. शोरूममध्ये ते कळत नाही.

सीसी नंतर, आधी वजन बघा

आकडे बघा. होंडा शाईन 100 चं वजन साधारण 99 किलो आहे. हिरो स्प्लेंडर प्लस 112 किलोच्या आसपास. रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 चं वजन 195 किलो. म्हणजे शाईनच्या जवळपास दुप्पट.

रस्त्यावर वेगात असताना हे वजन जाणवत नाही, उलट गाडी बसलेली वाटते. शोरूमवाला टेस्ट राइड देतो ती अशीच, सरळ रस्त्यावर. पण धंद्याची गाडी दिवसातून वीस वेळा थांबते. मार्केट यार्डात ट्रकच्या मधून काढावी लागते, उतारावर मागे घ्यावी लागते, मालाचं पोतं मागे असताना साइड स्टँडवरून उचलावी लागते. नवा माणूस पडतो तो बहुतेक अशाच ठिकाणी, चालता-थांबता. 100 किलोची गाडी कलली तर पाय टेकवून सावरता येते. 195 किलोची कलली आणि वर 30 किलो माल असला, तर ती तुम्हाला घेऊनच खाली बसते.

त्यामुळे शोरूममध्ये गेलात की या तीन गोष्टी करून बघा. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकतात का? बंद गाडी बसल्या बसल्या मागे ढकलता येते का? कोणाचीही मदत न घेता मेन स्टँडला लावता येते का? तिन्ही जमलं तरच पुढचं बोलायचं. सेल्समन हसला तर हसू दे, हप्ता तो भरणार नाहीये.

माझ्या बॅचमधल्या मिरजेच्या एका ताईंनी मसाल्याच्या डिलिव्हरीसाठी टीव्हीएस एक्सएल 100 घेतली. गिअर नाही, वजन 90 किलोच्या आत, पुढे पाय ठेवायच्या जागी अख्खी पिशवी बसते. घरचे म्हणाले, "हे काय लुनासारखं घेतलंस?" ताई म्हणाल्या, "मला रेस लावायची नाही, पोचवायचंय." याच्यापुढे मी काय शिकवणार?

एक अपवाद सांगतो. तुमचं रोजचं जाणं-येणं हायवेचं असेल, समजा सांगली ते इस्लामपूर, तर 125 च्या थोडं वर जाऊन एबीएस असलेली गाडी बघायला हरकत नाही. 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, आणि 125 पर्यंतच्या गाड्यांना निदान सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसऱ्या चाकालाही थोडा लागतो अशी सोय. जुनी गाडी घेताना ती 2019 च्या आधीची आहे का नंतरची, एवढ्यासाठी तरी बघाच.

साडेतीनशे सीसीसाठी साडेतीनशे पाकिटं

आता पैशाचं बोलू. तुमच्या हातात 50 हजार रुपये आहेत असं धरा. दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता: 350 सीसीची नवी गाडी, ऑन-रोड सव्वादोन लाख धरू. 50 हजार डाउन पेमेंट, 1 लाख 75 हजारांचं कर्ज, 11 टक्के व्याज, तीन वर्षं. महिन्याचा हप्ता येतो जवळपास 5,730 रुपये. तीन वर्षांत साधारण 31 हजार रुपये नुसतं व्याज.

दुसरा रस्ता: त्याच 50 हजारांत चार-पाच वर्षं जुनी, चांगली राखलेली 100 सीसी गाडी. हप्ता शून्य.

पेट्रोलही धरा. रोज 40 किलोमीटर, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 1,040 किलोमीटर. छोटी गाडी लिटरला 60 देते आणि मोठी 35 असं धरलं, तर मोठ्या गाडीला महिन्याला साधारण 12 लिटर जास्त लागतं. लिटरला 105 रुपये धरले तर हे झाले 1,300 रुपये.

हप्ता आणि जास्तीचं पेट्रोल मिळून महिन्याला सात हजार. तुमच्या एका पाकिटामागे 20 रुपये सुटत असतील, तर दर महिन्याला 350 पाकिटं फक्त गाडीसाठी विकायची. पहिल्या वर्षात! त्यातून ना भाडं निघणार, ना तुमचा पगार. म्हणून मी म्हणतो, साडेतीनशे सीसीची गाडी म्हणजे महिन्याला साडेतीनशे पाकिटं. तुमचा आकडा वेगळा येईल, पण तो काढल्याशिवाय शोरूमची पायरी चढू नका.

कर्ज घ्यावंच लागलं तर एक शब्द पक्का लक्षात ठेवा: फ्लॅट रेट. "फक्त 10 टक्के" ऐकून खूश होऊ नका. एक लाखावर 10 टक्के फ्लॅट म्हणजे तीन वर्षांचं व्याज सरळ 30 हजार आणि हप्ता 3,611. तुम्ही मुद्दल दर महिन्याला फेडत असता, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण एक लाखावर लागतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हे जवळपास 18 टक्के पडतं. बँकेचं 11 टक्के घटत्या शिलकीवरचं कर्ज असेल, तर तोच हप्ता 3,274 येतो. म्हणून "रेट किती?" एवढंच विचारून थांबू नका. "एकूण किती रुपये फेडायचे?" हे विचारा आणि लिहून घ्या.

"पण सर, पार्टीवर छाप पडते ना?"

हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. धंद्यात दिसण्याला किंमत आहे. मी स्वतः पॅकेजिंगच विकतो, मला दिसण्याची किंमत कळते. पण तुमच्या गिऱ्हाइकाला काय दिसतं ते बघा. किराणा दुकानदाराला तुमच्या पाकिटाचं सील दिसतं, तारीख दिसते, माल सांगितलेल्या वेळेला आला का ते दिसतं. गाडी तो बघेलही, पण गाडी बघून तो ऑर्डर वाढवत नाही. आणि उधारी मागायला मोठ्या गाडीवर गेलात तर "तुम्हाला कसली घाई?" म्हणून तो दोन आठवडे अजून थांबवेल, हेही बघितलंय.

दुसरा युक्तिवाद असतो, "नंतर बदलावीच लागणार, मग आत्ताच मोठी का नको?" बदला ना! दोन वर्षांनी हात बसेल, धंदा बसेल, तेव्हा बदला. 100 सीसीच्या गाड्यांना गावोगाव गिऱ्हाईक आहे. 1994 ला आलेली स्प्लेंडर आजही प्रत्येक तालुक्यात विकत घेणारा आणि दुरुस्त करणारा माणूस सापडते. 50 हजारांची जुनी गाडी दोन वर्षं वापरून विकली तर घसारा थोडा बसतो. नव्या गाडीला पहिल्याच वर्षी मोठा बसतो. बीबीएला डेप्रिसिएशनचा धडा असतो, त्याचा अर्थ एवढाच.

ज्यांना बुलेटची खरंच हौस आहे त्यांना माझा विरोध नाही. हौस जरूर करा. पण तिला "धंद्याची गरज" असं नाव देऊ नका. वहीत हौस वेगळी लिहा.

जुनी घेताना एवढं बघाच

गाडी सकाळी थंड असताना बघायला जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर चहा प्या, थांबा, थंड होऊ द्या. पहिल्या-दुसऱ्या किकला चालू होते का, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, सरळ रस्त्यावर हँडल एका बाजूला ओढतं का, चेन-स्पॉकेट झिजलंय का, हे बघा. 300 रुपये देऊन स्वतःचा मेकॅनिक सोबत न्या. त्याच्यापेक्षा स्वस्त सल्ला मिळणार नाही.

कागदांत आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. गाडीवर कर्ज होतं का बघा. असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. परिवहनच्या साइटवर थकलेले ई-चलान तपासा. आणि फॉर्म 29, 30 वर सह्या घेऊन ते कपाटात ठेवू नका, लगेच नावावर करा. विमाही आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर नुकसानीचा क्लेम अडकतो. तुमची गाडी तुम्ही विकाल तेव्हाही हेच. आरसीवर ज्याचं नाव, त्याच्या दारात नोटीस येते.

बजेटमध्ये आयएसआय मार्कचं हेल्मेट धरा. गाडी जुनी चालेल, हेल्मेट नवीनच हवं.

पहिले दोन महिने

पहिले पंधरा दिवस माल न लादता चालवा. मग थोडा थोडा वाढवा. वजन खाली आणि सीटच्या जवळ बांधा. मागे उंच बांधलेलं खोकं गाडीचं पुढचं चाक हलकं करतं. माल असला की गाडी थांबायला जास्त अंतर घेते, म्हणून पुढच्या गाडीपासून लांब राहा. पुढचा ब्रेक दाबला की पडतो ही भीती घालवा, दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू दाबायची सवय लावा. हवा दर आठवड्याला तपासा.

आता कागद घ्या आणि तीन आकडे लिहा. गाडीचा महिन्याचा एकूण खर्च, एका नगामागे सुटणारे पैसे, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागून येणारे नग. तेवढे नग गेल्या महिन्यात तुम्ही विकले होते का? विकून घरभाडं आणि माल दोन्ही भागलं होतं का? उत्तर "हो" असेल तर मनाला येईल ती गाडी घ्या, मीच पेढे मागायला येईन. "नाही" असेल तर छोटी घ्या आणि उद्या सकाळी माल पोचवायला निघा.